देखरेख म्हणजे समन्वय नव्हे

ऑस्ट्रेलियातील बांधकाम उद्योगात साइट सुपरवायझरच्या कामाविषयी एक मत गेल्या तीसेक वर्षांत पक्के रुजले आहे. कामाजवळ उभा राहून हात पाहणारा फोरमन आणि मालकाच्या वतीने साइटवर बसणारा ‘क्लार्क ऑफ वर्क्स’ ही जुन्या काळातली माणसे होती, असे हे मत सांगते. आता प्रत्येक काम त्या त्या विषयातला उपठेकेदार करतो, आराखडा अभियंता तपासतो, कायद्याचे पालन सर्टिफायर पाहतो. सुपरवायझरने फक्त या सगळ्यांच्या तारखा जुळवायच्या. या बदलाला उद्योगात प्रगती म्हटले जाते, आणि देखरेख या शब्दाच्या जागी समन्वय हा शब्द प्रतिष्ठेने वापरला जातो. हे मत चुकीचे आहे. सुपरवायझरचे काम बदलले हे खरे, पण ते ज्ञान वाढल्यामुळे बदललेले नाही. कंत्राटांची मांडणी बदलली, जोखीम एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याची सोय झाली, आणि त्या ओघात साइटवरचा पाहणारा डोळा नाहीसा झाला. त्याची किंमत घर विकत घेणाऱ्यांनी मोजली आहे.

क्लार्क ऑफ वर्क्स ही ब्रिटिश पद्धत वसाहतींबरोबर ऑस्ट्रेलियात आली. राज्यांच्या सार्वजनिक बांधकाम खात्यांत या माणसाला मोठा मान होता. त्याचा पगार मालक देई. कंत्राटदाराला थेट हुकूम देण्याचा अधिकार त्याला बहुधा नसे. पण स्लॅब भरण्यापूर्वी सळया, कव्हर आणि शटरिंग तो स्वतः पाही आणि जे दिसले ते वास्तुविशारदाला किंवा अभियंत्याला कळवी. कंत्राटदाराच्या बाजूला फोरमन असे. तो बहुतेक सुतारकामातून वर आलेला असायचा: आधी उमेदवारी, मग लीडिंग हँड, मग फोरमन. वाकडे काम त्याला लांबून दिसे, कारण ते काम त्याने स्वतःच्या हाताने केलेले असे.

१९८० नंतर आराखडा आणि बांधकाम एकाच कंत्राटात देण्याची पद्धत वाढली. मालकाने नेमलेला वास्तुविशारद कामाच्या मध्यावर कंत्राटदाराकडे वर्ग होऊ लागला. या व्यवहाराला तिथे ‘नोव्हेशन’ म्हणतात. म्हणजे काल ज्याने कंत्राटदाराच्या चुका दाखवायच्या, तो आज त्याच कंत्राटदाराकडून बिल घेणार. मालकाचा स्वतंत्र माणूस साइटवर ठेवण्याची गरज कागदावर उरलीच नाही. एएस २१२४ आणि एएस ४००० या प्रमाणित कंत्राटांत ‘सुपरिंटेंडंट’ आहे, पण प्रत्यक्षात त्याचा बहुतेक वेळ देयके, मुदतवाढ आणि वाढीव कामांचे दावे यांत जातो. पुढे व्हिक्टोरियात १९९४ पासून आणि न्यू साउथ वेल्स व क्वीन्सलंडमध्ये १९९८ पासून इमारतींना मंजुरी देण्याचे काम खासगी सर्टिफायरकडेही गेले. पालिकेचा निरीक्षक मागे सरला. काही वर्षांच्या अंतराने दोन डोळे साइटवरून गेले आणि त्यांचे काम ज्याच्यावर पडले, त्या सुपरवायझरला समन्वयक हे नवे नाव मिळाले.

या समन्वयकाचा दिवस कसा जातो ते पाहिले म्हणजे वादाचा मुद्दा स्पष्ट होतो. सकाळी प्री-स्टार्ट बैठक. नव्या कामगारांचे इंडक्शन. उंचीवरच्या किंवा खोदाईच्या कामासाठी प्रत्येक उपठेकेदाराचे सुरक्षित कार्यपद्धतीचे निवेदन वाचून सही. क्रेनच्या वेळा, काँक्रीटच्या गाड्या, शेजाऱ्यांच्या तक्रारी, पालिकेचे रस्ता अडवण्याचे परवाने. दुपारी अभियंत्याला पाठवायचे प्रश्न, वाढीव कामांची पत्रे, कामाच्या वेळापत्रकातल्या तारखा. यातले काहीही निरर्थक नाही. सुरक्षेच्या कागदांमागे मेलेल्या माणसांचा इतिहास आहे आणि त्यांची टिंगल करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न एवढाच आहे की या दिवसात बाथरूमच्या फरशीजवळ वाकून बसायला वेळ कोणता?

बाथरूमचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. सदनिकेतल्या ओल्या खोलीत आधी स्क्रीड, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, घालतात. पाणी नाहणीकडे वाहावे म्हणून तिला उतार द्यावा लागतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०२२ च्या आवृत्तीत नाहणी असलेल्या फरशीसाठी तो किमान १:८० आहे. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात बॉन्ड ब्रेकर हवा, कारण इमारत थोडी हलते आणि मेम्ब्रेनला, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाला, ताणायला जागा लागते. मग प्रायमर, मग मेम्ब्रेनचे थर, आणि दोन थरांमध्ये सुकण्याचा काळ. दाराच्या उंबऱ्याशी पाणी अडवणारी पट्टी. हे सगळे एका दिवसात किंवा दोन दिवसांत घाईने उरकता येते, आणि त्यावर टाइल बसली की चांगले काम आणि वाईट काम अगदी सारखे दिसतात. टाइल बसवणाऱ्याला चौरस मीटरवर पैसे मिळतात. मेम्ब्रेन सुकण्याची वाट पाहण्याचे त्याला कोणी काही देत नाही. गळती दिसते ती दोन-तीन वर्षांनंतर, तीही बहुधा खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या छतात.

‘ते पाहायला सर्टिफायर आहे’ हा समन्वयवाद्यांचा पहिला युक्तिवाद. न्यू साउथ वेल्समध्ये सदनिकांच्या इमारतींसाठी टप्प्याटप्प्याची सक्तीची तपासणी आहे, पण ओल्या खोल्यांचे वॉटरप्रूफिंग झाकण्यापूर्वी सर्टिफायरने पाहायच्या खोल्या किमान १० टक्के एवढ्याच आहेत. दोनशे बाथरूम असतील तर वीस पाहिली की नियम पाळला गेला. उरलेली एकशेऐंशी बाथरूम कोणी पाहायची? साइटवर रोज असलेला माणूस एकच आहे. शिवाय सर्टिफायर हा देखरेख करणारा नाहीच. तो ठरावीक टप्प्यांवर येतो, आणि सदनिकांच्या प्रकल्पात त्याला नेमणारा व पैसे देणारा विकासकच असतो. २०२१ मध्ये राज्याच्या बिल्डिंग कमिशनरच्या कार्यालयाने स्ट्रॅटा, म्हणजे सदनिकांच्या सामाईक व्यवस्थापनाच्या, संघटनेबरोबर केलेल्या पाहणीत न्यू साउथ वेल्समधल्या त्या वेळच्या नव्या इमारतींपैकी ३९ टक्क्यांत गंभीर दोष आढळले आणि त्यांत वॉटरप्रूफिंग पहिल्या क्रमांकावर होते. तज्ज्ञ उपठेकेदार आणि सर्टिफायर एवढ्याने भागत असते तर हा आकडा असा आला नसता.

२०१८ पासून त्याच राज्यात चार किंवा अधिक मजल्यांच्या निवासी इमारतींसाठी विकासकाला कंत्राटाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा (सुरुवातीला २ टक्के) रोखा म्हणून ठेवावा लागतो आणि काम संपल्यावर पंधरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान स्वतंत्र निरीक्षक दोषांची पाहणी करतो. तरतूद चांगली आहे. पण तो निरीक्षक येतो तेव्हा टाइल बसलेली असते, छताचे प्लास्टरबोर्ड लागलेले असते आणि भिंतीत पाइप जिथून जातो तिथले आगरोधक सील दिसेनासे झालेले असते. झाकण्यापूर्वी पाहणे आणि झाकल्यानंतर शोधणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे: मोठे अपघात आराखड्याच्या चुकांमुळे होतात, आणि त्या सुपरवायझरला ओळखता येणे शक्य नाही. यासाठी ओपल टॉवरचा दाखला दिला जातो. सिडनी ऑलिंपिक पार्कमधली ही ३६ मजल्यांची, ३९२ सदनिकांची नवी कोरी इमारत. २४ डिसेंबर २०१८ ला, ताबा देऊन काही महिनेच झालेले असताना, रहिवाशांना मोठे आवाज ऐकू आले, काँक्रीटला भेगा दिसल्या आणि नाताळच्या आदल्या दिवशी लोकांना घरे सोडावी लागली. सरकारने नेमलेल्या तीन प्राध्यापकांच्या अहवालात मूळ दोष भिंतीच्या पॅनेलखालचे हॉब बीम आणि त्यांच्याशी जोडलेल्या भागांच्या अपुऱ्या आराखड्यात सापडला. इथवर युक्तिवाद बरोबर आहे. पण अहवाल इथे थांबत नाही. प्रीकास्ट पॅनेल आणि हॉब बीम यांच्यामधला सांधा ग्राउटने पूर्ण न भरता अंशतः भरायचा, हा निर्णय मूळ आराखड्यानंतर झाला आणि त्यामुळे बीममधला ताण बराच वाढला. त्याखेरीज बांधकामातल्या आणि साहित्यातल्या त्रुटींनी प्रत्यक्ष नुकसानीला निमित्त दिले. एका भिंतीचा भार खालच्या बीमवर किती रुंदीच्या पट्टीतून उतरतो, हे सांध्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसणारी गोष्ट आहे. गणित त्याने करायचे नाही. ‘हा सांधा अर्धाच भरायचा, हे गणितात धरले आहे का?’ एवढे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत पुढचा पॅनेल उचलू द्यायचा नाही. अहवालाच्या शिफारशींत आराखड्याच्या स्वतंत्र तपासणीबरोबर, महत्त्वाच्या टप्प्यांवर साइटवर जाऊन नोंदणीकृत अभियंत्याने पाहणी करावी, हेही आहे. नुसते कागद नीट तपासून भागेल असे त्या तिघांनाही वाटले नाही.

मेलबर्नचा वेस्ट गेट पूल या संदर्भात विसरता येत नाही. १५ ऑक्टोबर १९७० ला त्याचा एक गाळा कोसळून ३५ माणसे मेली. पुलाच्या पेटीसारख्या पोलादी गर्डरचे दोन अर्धे भाग वेगवेगळे वर चढवले होते आणि त्यांच्या पातळीत सुमारे ११४ मिलिमीटरचा फरक निघाला. तो काढायला काँक्रीटचे जड ठोकळे वर ठेवले गेले. पोलादी पत्रा फुगला. फुगवटा काढायला जोडणीचे बोल्ट सोडले जाऊ लागले, आणि दुपारी बाराच्या सुमारास गाळा खाली आला. रॉयल कमिशनने आराखडा करणाऱ्या कंपनीला आणि उभारणीची अशी पद्धत निवडणाऱ्या पहिल्या कंत्राटदाराला जबाबदार धरले. त्या दिवशी साइटवर अभियंते नव्हते असे नाही. मृतांतही ते होते. कमी पडले ते काही बिनसत असताना काम थांबवून सगळ्यांना खाली उतरवण्याचा ठाम, एकाच्या हातातला अधिकार. देखरेखीला ज्ञान लागते, पण ज्ञान असून थांबवता येत नसेल तर ते ज्ञान साक्षीदाराचे ठरते.

तिसरा युक्तिवाद कायद्याचा: प्रत्येकाने आपापल्या विषयाची जबाबदारी घ्यावी, सुपरवायझरवर सगळे लादू नये. मेलबर्नच्या डॉकलँड्समधल्या लॅक्रोस इमारतीत नोव्हेंबर २०१४ मध्ये बाल्कनीतल्या सिगारेटमुळे आग लागली आणि बाहेरच्या ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलवरून काही मिनिटांत आठव्या मजल्यावरून छतापर्यंत चढली. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने जबाबदारीची वाटणी केली: अग्निसुरक्षा अभियंता ३९ टक्के, सर्टिफायर ३३, वास्तुविशारद २५ आणि सिगारेट ओढणारा ३. बिल्डरने मालकांना पैसे द्यायचे, पण सल्लागारांवर विसंबणे त्याच्यासाठी वाजवी होते असे ठरल्याने त्याच्या वाट्याला दोषाचा हिस्सा आला नाही. कंत्राटांची भाषा पाहता निकाल समजण्याजोगा आहे. पण त्यातून उघड होणारी व्यवस्था स्वीकारता येत नाही. ज्यांनी ते पॅनेल मागवले, उतरवून घेतले, मोजले आणि भिंतीवर चढवले, त्यांनी ते जळते का हे विचारावे अशी अपेक्षाच कोणी ठेवली नव्हती.

न्यू साउथ वेल्सने ही वाटणी बदलायला सुरुवात केली आहे. २०२० च्या डिझाइन अँड बिल्डिंग प्रॅक्टिशनर्स ॲक्टने बांधकाम करणाऱ्याला इमारतीच्या आजच्या आणि पुढच्या मालकांप्रती काळजी घेण्याचे कर्तव्य लावले. बांधकाम म्हणजे काय याच्या व्याख्येत देखरेख, समन्वय, प्रकल्प व्यवस्थापन आणि कामावरचे ठोस नियंत्रण हे सगळे स्पष्टपणे आले. न्यूकासलजवळच्या जेस्मंडमधल्या विद्यार्थी निवासांच्या खटल्यात २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, बिल्डर कंपनीचा संचालक नसलेल्या पण प्रत्यक्ष काम चालवणाऱ्या एका व्यक्तीला स्वतः जबाबदार धरले, आणि २०२३ मध्ये राज्याच्याच अपील न्यायालयाने ते कायम ठेवले. डिसेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने, जे ऑस्ट्रेलियात देशाचे सर्वांत वरचे न्यायालय आहे, पॅफबर्न खटल्यात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरवले की विकासक आणि मुख्य कंत्राटदार हे कर्तव्य उपठेकेदारांमध्ये वाटून स्वतःचा हिस्सा कमी करू शकत नाहीत. ‘आम्ही फक्त जुळवाजुळव केली’ हा बचाव त्या राज्यात आता टिकत नाही.

इथेच खरी अडचण सुरू होते, आणि ती समन्वयवाद्यांनी नीट ऐकली पाहिजे. कायद्याने सुपरवायझरला जबाबदारी परत दिली. उद्योगाने त्याला वेळ आणि अधिकार परत दिलेला नाही. कामाच्या सुरक्षेच्या आदर्श कायद्याच्या कलम ८४ प्रमाणे कोणताही कामगार गंभीर धोका दिसला तर काम थांबवू शकतो, आणि कलम ८५ प्रमाणे प्रशिक्षित सुरक्षा प्रतिनिधी इतरांना काम थांबवायला सांगू शकतो. माणूस पडेल अशी शक्यता असेल तर कायदा पाठीशी आहे. पण मेम्ब्रेन ओले असताना टाइल बसवली जात असेल, तर सुपरवायझरच्या पाठीशी असा कोणताही अधिकार नाही. तो बिल्डरचा नोकर आहे आणि वेळापत्रक त्याच्या मालकाचे आहे.

पीटर शेरगोल्ड आणि ब्रॉनविन वेअर यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्यांच्या बांधकाम मंत्र्यांना दिलेल्या अहवालात २४ शिफारशी होत्या. पहिल्याच शिफारशीत ज्यांची नोंदणी सर्व राज्यांनी सक्तीची करावी, त्या यादीत साइट किंवा प्रकल्प व्यवस्थापक होता. क्वीन्सलंडमध्ये साइट सुपरवायझरचा स्वतंत्र परवाना आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियात बांधकाम पर्यवेक्षकाची नोंदणी आहे. इतरत्र चित्र विस्कळीत आहे. कंपनीच्या परवान्यावर एका पात्र पर्यवेक्षकाचे नाव असते, पण साइटवर रोज बूट घालून फिरणारा माणूस तोच असेल याची खात्री नसते.

‘आता प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले जातात, ते संगणकावर चढतात, मग माणूस कशाला?’ असेही विचारले जाते. नोंदी हव्यातच, पुढे खटला उभा राहिला तर त्याच उपयोगी पडतात. पण फोटो काढणारा जिकडे कॅमेरा वळवतो तेवढेच फोटोत येते. मेम्ब्रेनची जाडी फोटोत दिसत नाही, कोपऱ्यात बोट दाबून कळणारा ओलसरपणा तर नाहीच.

शेवटचा आक्षेप खर्चाचा. १ जुलै २०२४ पासून पाच वर्षांत १२ लाख घरे बांधण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट ऑस्ट्रेलियाने ठेवले आहे, आणि अशा वेळी आणखी परवाने, आणखी थांबे म्हणजे घरे महाग होणार, असे सांगितले जाते. सिडनीच्या मॅस्कॉट टॉवर्समधली १३२ घरे १४ जून २०१९ ला रिकामी करावी लागली. इमारत तेव्हा अकरा वर्षांची होती. तिथल्या मालकांकडे गृहकर्ज उरले आणि राहायला घर उरले नाही. कोणते घर महाग, हे त्या मालकांना विचारावे. शिवाय थांबे ही अनोळखी गोष्ट नाही. त्याच देशात सरकारी रस्ते आणि पूल बांधताना ‘होल्ड पॉइंट’ असतात: ठरलेल्या टप्प्यावर काम थांबते आणि लेखी मोकळीक मिळाल्याशिवाय पुढे जात नाही. पुलाला जे परवडते ते माणसांच्या घरांना परवडत नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही.

ऑस्ट्रेलियाबाहेरही हाच अनुभव आहे. जानेवारी २०१६ मध्ये वादळात एडिनबरोतल्या एका प्राथमिक शाळेच्या भिंतीचा सुमारे नऊ टनांचा भाग कोसळला. सुदैवाने त्या वेळी तिथे मुले नव्हती. पुढे त्या शहरातल्या १७ शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जॉन कोल यांच्या २०१७ च्या अहवालात कारण साधे निघाले: भिंतीच्या दोन थरांना बांधणारे टाय पुरेसे आत गेलेले नव्हते. वीट लागत असताना पाहणारा कोणी असता तर काही मिनिटांत दिसले असते. अहवालाने मालकाच्या बाजूने स्वतंत्र देखरेख, म्हणजेच क्लार्क ऑफ वर्क्स, परत आणण्यावर भर दिला.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. महाराष्ट्रात मुकादमाला बाजूला सारून साइट इंजिनिअरला कागदात बुडवण्याची तीच वाट चालू आहे, आणि रेरा कायद्यातली पाच वर्षांची दोषदुरुस्तीची हमी ही सुद्धा झाकून टाकल्यानंतरची तरतूद आहे. महाराष्ट्रातून गेलेले कित्येक स्थापत्य अभियंते सिडनी-मेलबर्नच्या साइटवर काम करतात. ज्याचा व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वावर आहे, नोकरी गेली तर ज्याला ठरावीक दिवसांत नवा प्रायोजक शोधायचा आहे, त्याने ‘थांबा’ म्हणावे अशी अपेक्षा नुसत्या धैर्याच्या भरवशावर ठेवणे अन्यायाचे आहे. त्याला कायद्याचे संरक्षण हवे.

म्हणून मागणी अशी आहे. प्रत्येक मोठ्या निवासी साइटवर रोज हजर असणाऱ्या सुपरवायझरची स्वतःच्या नावाने नोंदणी व्हावी आणि त्याच्याकडे एका वेळी किती साइट असाव्यात याला मर्यादा हवी. वॉटरप्रूफिंग, आगरोधक सील, सळया आणि प्रीकास्टचे सांधे या चार ठिकाणी त्याच्या सहीशिवाय काम झाकले जाऊ नये. ती सही नाकारल्याबद्दल त्याला कामावरून काढता येऊ नये, असे सुरक्षा प्रतिनिधीला आहे तसे संरक्षण कायद्यात लिहावे. सुरक्षेचे कागद सांभाळायला वेगळा माणूस द्यावा, म्हणजे सुपरवायझरला कामाजवळ उभे राहता येईल. यातले काहीही नवे तंत्रज्ञान मागत नाही. राज्यांच्या बांधकाम मंत्र्यांसमोर सुपरवायझरच्या नोंदणीची शिफारस २०१८ पासून पडून आहे. ती सर्व राज्यांत सारखी लागू करावी, आणि तिच्याबरोबर काम थांबवण्याचा अधिकारही द्यावा.